एकच घर चालणारं प्यादं

शशा गेल्याचा फोन आला तेव्हा मी उचगावला कारखान्यात होतो. "भावजी, ह्यांनी डोळं मिटलं," वहिनी एवढंच म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले. पण बुद्धिबळाचा पट दिसला, की अजून तो समोर येऊन बसतो. मला त्याची भीतीही वाटते आणि बरंही वाटतं.

आमची मैत्री शिवाजी पेठेतल्या तालमीच्या कट्ट्यावरची. भोवती फुटबॉलवरून हमरीतुमरी चाललेली आणि आम्ही दोघं पटावर वाकलेले. नव्वदच्या दशकात जिल्ह्याच्या निवड स्पर्धेतला शेवटचा डाव जिंकला असता, तर शशा राज्याला खेळणार होता. सुरुवातीच्या चाली स्पॅनिश पद्धतीच्या, त्याला तोंडपाठ. तरी घात झाला. त्यानं वजिरानं मधलं प्यादं मारलं. काळी मोहरी घेतलेल्या समोरच्यानं उंटापुढचं प्यादं जागेवरून एकदम दोन घरं टाकलं. वजिराला पळावं लागलं आणि पुढं त्याच प्याद्यानं शशाचा उंट कोंडला.

त्यानंतर तो एकही स्पर्धा खेळला नाही. रविवार आला की तोच डाव मांडायचा. "ह्या स्पॅनिशची सुरवातच खोटी हाय," म्हणायचा. मी भडकायचो. पुस्तकातला जुनापुराणा सापळा, त्यात नवशिका पडेल. हा कसा पडला? एवढ्या गुणी खेळाडूनं खेळ सोडला, याचा राग मला आजही येतो.

दवाखान्यात शेवटचं भेटलो, तेव्हा आपणहून बोलला. "वडलांचं, आबांचं तेरावं उरकून खेळाय गेलतो मी. गावाकडं गडमुडशिंगीत आबांनीच शिकिवलेलं, देशी डाव. त्यात प्यादं पहिल्या चालीलाबी एकच घर चालतंय. त्या दिवशी समोर आबाच बसल्यागत वाटलं बघ मर्दा... प्यादं एकच घर सरकंल म्हणून वजीर घातला."

"मग इतकी वर्षं तोच डाव कशाला मांडत हुतास?"

"त्या चालीपातूर आबा असत्यात की समोर."

परवा दुपारी मी एकट्यानंच तो डाव मांडला. वजीर मधोमध आला. आता काळ्याचं प्यादं दोन घरं टाकायचं... उचललं, आणि तसंच हातात धरलं. पलीकडं कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं. मी प्यादं एकच घर सरकवलं. वजीर वाचला.

आतून बायको जेवायला हाका मारत होती, पण मला उठवेना. चाल शशाची होती.