आधी तिला एकटीला विचारा

कमल गायकवाड गेल्याचा फोन आला तेव्हा मी कर्जतच्या तहसील कचेरीसमोर माझ्या टपरीत बसून कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र टाइप करत होते. "सुमनमावशी, आत्या गेली गं..." एवढंच तिची भाची बोलली. मी ते प्रतिज्ञापत्र पुरं केलं, प्रिंट काढली, त्या माणसाच्या हातात दिली. तो परत आला तेव्हा कळलं, त्याचं नावच मी दोन ठिकाणी चुकवलं होतं. त्याला आता पाच आठवडे झाले. मधल्या काळात भिसेगावात तिच्या घराजवळ श्रद्धांजलीचा फलक लागला. त्यावर हात जोडून उभे असलेले चेहरे मी नीट पाहून घेतले. त्यातल्या तिघांनी तिला भर ग्रामसभेत 'घरमोडी' म्हटलं होतं! आणि खाली लिहिलंय काय, तर शांत, संयमी, सोशिक. शांत? कमल? अहो, ती चहासुद्धा भांडल्यासारखी ढवळायची. म्हटलं, आपणच लिहावं आता.

कमल अंगणवाडी सेविका होती. भिवपुरीच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथे तिची सगळी नोकरी झाली. वाडीवरच्या बायकांचे दाखल्यांचे, रेशनकार्डांचे अर्ज घेऊन ती माझ्याकडे यायची, त्यातून आमची ओळख झाली आणि मैत्रीही. एकदा ती वाडीवरच्या एका मुलीला घेऊन आली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. तिचं नाव लिहीत नाही, कमलने मला तशी शपथच घातली होती. मुलगी खालापूरकडे दिलेली, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आली होती. दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी बैठक घेतली, मिटवायचं ठरवलं आणि समजुतीचा कागद करायला सगळे माझ्या टपरीत आले. मी टाइप केलं, 'मी कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने सासरी नांदावयास जात आहे.' हे वाक्य माझ्या कॉम्प्युटरमध्ये तयारच असायचं, फक्त नाव बदलायचं. आत पुरुष माणसं खेटून बसलेली, मुलगी बाहेर पत्र्याखाली उभी. मी कागद मोठ्याने वाचून दाखवला, तिने मान हलवली, अंगठा दिला. साक्षीदार म्हणून कमलने सही केली. मग सगळ्यांनी चहा घेतला. खोटं कशाला सांगू, एक संसार वाचवला म्हणून आम्ही दोघी त्या दिवशी खुशीत होतो.

दोन महिन्यांनी ती मुलगी उतरत्या उन्हाची अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली. उजवा हात मोडलेला, फडक्याने गळ्यात बांधलेला. कमलने तिला आधी दवाखान्यात नेलं, चौकीत तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी थेट माझ्यासमोर आणून उभं केलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "अगं, तेव्हाच सांगायचं नाय का?" मुलगी म्हणाली, "तुमी लिवलं राजीखुशीनं. मला कुनी इचारलं व्हतं का?"

मला तोंड लपवायला जागा उरली नाही. खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी नाही, कमलने नाही, त्या शहाण्या माणसांनी तर नाहीच. राजीखुशी म्हणजे काय हे तरी तिला कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक... कमल रडली बिडली नाही. टेबलावर हात आपटून म्हणाली, "सुमे, ते वाक्य काढ. कॉम्प्युटरमधनं काढ, माज्यासमोर." मी काढलं. "आता दुसरं लिही," म्हणाली. आणि उभ्या उभ्या तिने सांगितलं ते मी टाइप केलं. घरात मार खाणाऱ्या बाईचा समजुतीचा कागद होण्याआधी तिला बंद खोलीत, एकटीला, तिच्या बोलीत विचारावं. विचारणारी बाईमाणूस असावी. ती नाही म्हणाली तर कागद होऊ नये, मग तो गावकीतला असो की चौकीतला. हा नियम सबंध राज्यात असावा. मी म्हटलं, "राज्यात कशाला, आधी आपल्या तालुक्यापुरतं मागू." तर माझ्यावरच उखडली, "कर्जतच्या बाईचा हात मोडतो आनि बाकीच्यांचा काय लाकडाचा हाय?"

त्यानंतर ही बाई थांबलीच नाही. रजेच्या दिवशी खालापूरची गावं, रविवारी कर्जतची. ग्रामसभेत उभी राहायची, ठराव मागायची. कुठे मिळायचा, कुठे हाकलून द्यायचे. आणि तिची कसोटी लागली ती तिच्याच माहेरी. सख्ख्या भावाच्या मुलाने बायकोवर हात उचलला. भाऊ म्हणाला, "ताई, घरातली गोष्ट हाय, तू समजाव तिला." कमल गेली, सगळ्यांना ओसरीत बसवून सुनेला आत घेतलं आणि दार लावलं. बाहेर येऊन म्हणाली, "ती नाय नांदनार. मी तिच्या बाजूनं साक्ष देनार." भावाने बोलणं तोडलं. भाऊबीजेला ओवाळणीचं ताट मांडून ती वाट बघत बसायची, सलग किती वर्षं, मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊ आला नाही. मी एकदा म्हटलं, जाऊ दे, घरच्यापुरतं नमतं घे. तर म्हणाली, "घरच्यापुरतं सोडलं की गावच्यापुरतं सुटतं. मग उरलं काय गं?"

तो नियम मागायला मुंबईला आम्ही कितीदा गेलो त्याचा हिशेब नाही. प्रत्येक वेळी नवा साहेब, नवी खुर्ची. प्रत्येक वेळी कमल सगळं पहिल्यापासून सांगायची. उत्तरं यायची, ती मात्र एकाच साच्याची. 'आपला प्रस्ताव विचाराधीन आहे.' शेवटच्या आजारात श्वास पुरत नव्हता तिला, तरी पोस्टमन येऊन गेला का, हे आधी विचारायची. मी एक दिवस चिडून म्हटलं, "पाच मिनिटांचं काम, त्याला यांना इतकी वर्षं लागतात!" ती हसली. उशाखालून घराच्या बाहेरच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "त्यांचं होईल तवा होईल. तू दार लावत जा."

तिची ती बाहेरची खोली, तिथे दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि आतून लावायची कडी. कडीला ती नेमाने तेल घालायची. सासरची-माहेरची माणसं लेकीसुनांना घेऊन आली की कमल पुरुषांना म्हणायची, "नाक्यावरनं चहा घेऊन या बरं सगळ्यांना." सगळे गेले की कडी लावायची. ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या खोलीत माणूस मावत नव्हता. हात मोडलेली ती पहिली मुलगीही आली होती, शेलूच्या नव्या वसाहतीत काम करते, स्वतःच्या खोलीत राहते. भाऊ फाटकाशी उभा राहिला, आत आला नाही. मीही त्याला बोलावलं नाही. कमल गेली म्हणून मी मऊ होईन, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तो गैरसमज काढून टाकावा.

परवा टपरीवर चौघे पुरुष आले, मागे डोक्यावर पदर घेतलेली मुलगी. हाताने लिहिलेला मसुदा त्यांनी टेबलावर ठेवला. त्यात ते वाक्य होतंच. "मावशी, हे जसंच्या तसं उतरवा, गाडी थांबलीय." मी कॉम्प्युटर बंद केला. मुलीला घेऊन चालत भिसेगावात आले, ते चौघे कुरकुरत मागे. दाराशी मी म्हटलं, "नाक्यावरनं चहा घेऊन या बरं सगळ्यांना." कडी लागली, आवाजसुद्धा झाला नाही. मुलीला पाणी दिलं, समोरच्या खुर्चीत बसले. "इथं कुनी नाय. आता तू सांग. तुला जायचंय का?" तिने आधी दाराकडे पाहिलं. मी उठून कडी ओढून दाखवली, कमल दाखवायची तशी. मग तिचा पदर डोक्यावरून घसरला आणि ती बोलायला लागली.

ती बोलत असताना बाहेरून दार वाजलं. मी उठून फटीएवढं उघडलं. ते चौघे उभे, हातातला चहा निवत चालला होता. "अजून किती वेळ? कागदाचं काय झालं?"

"तुमचा कागद विचाराधीन आहे," मी म्हटलं, आणि कडी लावून घेतली.