रंगाचा रकाना

रविवार, फेब्रुवारीतला दुसरा. पनवेल, आमचं घर, दुपारी एक. हजर: मी, नवरा, सासूबाई, नवऱ्याचे विचुंबे गावचे एक मित्र आणि त्यांची बायको. जेवायला जिताडा, खाडीतला मासा. तो त्या मित्रांनीच आणला, नऊला येतो सांगून अकराला.

माझ्याकडे वाइनची एक वही आहे. पाच रकाने: नाव, वास, चव, कशाबरोबर घेतली, रंग. तीन वर्षांत चार रकाने नियमित भरत आले. पाचवा पहिल्या पानापासून कोरा आहे, कारण मी वाइन स्टीलच्या पेल्यातून पिते, स्वयंपाकघरात, ओट्याशी उभी राहून. स्टीलमध्ये रंग दिसत नाही.

असा नियम कोणी केलेला नाही. पाहुणे आले की बाटली हॉलमध्ये जाते, आणि सासूबाई हॉलमध्ये असतात, एवढंच. निवड मात्र सगळी माझी. नवरा दुकानात उभा राहून फळीचा फोटो पाठवतो, मी कळवते, डावीकडून तिसरी. तळलेल्या माशाला ड्राय, तिखट कालवणाला किंचित गोडसर, उन्हातून आलेल्या माणसाला गव्हाची हलकी बियर. सोलकढी आधी घेतली तर वाइन फुकट, हेही वहीत आहे.

या वेळी मी शुक्रवारीच नवऱ्याला सांगितलं, "रविवारी मी टेबलावर बसणार आणि काचेच्या ग्लासातून घेणार."

"बघू."

"बघू नाही. मी चार ग्लास मांडणार."

"मांड की. फक्त आईचा मूड बघून."

मूड कुठल्या रकान्यात बसवायचा, ते मला माहीत नाही. मी बाकीची तयारी केली. दिवाळीत घेतलेल्या सहा ग्लासांपैकी चारांवरचे स्टिकर कोमट पाण्यात भिजवून काढले. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात देवाच्या नैवेद्याचं दूध असतं, म्हणून दोन वाइन आणि चार बियर कागदात गुंडाळून खाली भाजीच्या खणात, मेथीमागे ठेवल्या. वाइन तीन तास आधी, फ्रीजरमध्ये नाही. हे नवऱ्यासाठी चिठ्ठीवर लिहून खणातच ठेवलं.

बाराला फ्रिज उघडला तर एक बाटली फ्रीजरमध्ये, मटारांच्या पिशवीवर आडवी. "लवकर गार होईल म्हणून," नवरा म्हणाला. मी ती काढली. बोलण्याची शिल्लक मी टेबलासाठी ठेवली होती.

एकला तुकड्या तळून बाहेर नेल्या. मी चार ग्लास मांडले होते, टेबलावर दोनच. उरलेले दोन शोकेसमध्ये परत गेले होते. सासूबाई खुर्चीवर बसलेल्या, नवरा बाटली उघडण्यात गढलेला.

"वहिनी, ही वाइन दिसायला गोरी पन लई कडक हाय, जरा बर्फ द्या," मित्र म्हणाले, आणि मी नाही म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच तीन खडे टाकले. वर सोडा. मी नाशिककडची ती वाइन दोन महिने शोधत होते.

"लेडीजसाठी कोकम सरबत केलंय ना?" नवऱ्याने विचारलं. माझ्याकडे न बघता.

मी आत आले. पेला घेतला. त्याच वाइनची दुसरी बाटली उघडून अर्धा पेला ओतला आणि वहीत लिहिलं: पेरू, लिंबाची साल, शेवटी किंचित कडू. मित्रांची बायको मागोमाग आत आली. पेल्यात नाक घालून उभी असलेली मी तिला दिसलेच.

"ताई, ताक नाय ना ते?"

"नाही."

"मग मलाबी द्या जरा."

तिलाही पेल्यातच दिली. घोट घेऊन तिने तोंड वाकडं केलं. "उतरत आलेल्या ताडीसारखी हाय. पण बरी हाय." मग पेला फिरवत म्हणाली, "माझी सासू मिठागरातनं आली का उंबऱ्यात बसून ताडी प्यायची. पोरं, जावई, सगले समोर. कोन काय बोलनार? दिसभर मीठ ओढलेलं तिनं. तुमी हापिसातनं येता, तर तुमी का लपता?"

मी पेला ओट्यावर ठेवला, हॉलमध्ये गेले आणि शोकेसमधून एक ग्लास काढला. टेबलाजवळ खुर्ची ओढली. नवऱ्याचा हात बाटलीकडे गेलासुद्धा, हे त्याच्या बाजूने नोंदवते.

सासूबाई काटा काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तुझा पेला आत आहे ना ओट्यावर? मग हा कशाला काढलास?"

आवाज चढलेला नव्हता. मीठ जास्त झालंय सांगावं तसा. म्हणजे त्यांना माहीत होतं, आणि आजचं नाही, वही सुरू झाल्यापासूनचं. तीन वर्षं मी मेथीमागे बाटल्या लपवत होते, ओतल्याचा आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडत होते, नंतर बडीशेप खात होते. सगळी मेहनत वाया. पिण्याला त्यांची हरकत नव्हतीच. हरकत ग्लासाला होती.

नवऱ्याने हात मागे घेऊन कालवणाचं भांडं सरकवलं. मित्र म्हणाले, "जिताडा कसा झालाय, काकी?" "ताजा आहे," सासूबाई म्हणाल्या. मी ग्लास जागेवर ठेवला आणि भात आणायला आत गेले. मला त्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त आला. आत ती बाई माझा पेला संपवून दोन्ही पेले विसळत होती. "ऱ्हावद्या," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी वही पुरी करायला बसले. नवऱ्याला विचारलं, "तू दुपारभर काचेच्या ग्लासातून प्यायलास. रंग कसा होता?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. "पांढराच की. व्हाइट वाइन ना ती?"

दुसऱ्या बाटलीत साधारण दोन ग्लास वाइन उरलीय. बूच लावून ती मेथीमागे न ठेवता वरच्या कप्प्यात, दुधाच्या शेजारी उभी ठेवली आहे. ती फार तर तीन दिवस टिकेल. ग्लास शोकेसमध्ये, पुढच्या रांगेत. रंग: बाकी.