दीड इंच

मावशीला सगळे बारीकमावशी म्हणायचे. ती बारीक नव्हती, चांगली आडव्या अंगाची होती. पण तिच्याकडे कपडे शिवायला टाकलेली बाई बारीक होऊन बाहेर पडते, अशी तिची ख्याती होती. "चौतीस? मागच्या दुकानात तर साडेपस्तीस सांगितलं होतं!" म्हणून बायका हरखून जायच्या, आणि एकाऐवजी दोन ड्रेस टाकून जायच्या.

यातली मेख तिच्या गळ्यातल्या टेपमध्ये होती. पिवळा, कापडी, कडा विरलेला टेप. बावीस वर्षं ओढून ओढून तो सैल पडला होता. लांबला होता, त्यामुळे माप कमी दाखवायचा. कंबरेला सरळ दीड इंच कमी. हे मावशीला एकदा कापड बेतताना कळलं. तिने त्याच दिवशी नवा टेप आणला, पण जुना टाकून दिला नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाला जुना, कापडाला नवा. वहीत जुना आकडा लिहायचा आणि कापताना दीड इंच मिळवायचे. ड्रेस अंगावर चपखल बसायचा, बाई खूश, मावशी खूश.

तिचा हेतू वाईट नव्हता. उमेदवारीच्या दिवसांत ती ज्या मास्तरांच्या हाताखाली होती, ते माप घेताना आकडा खणखणीत आवाजात ओरडायचे. एकदा एका जाड मुलीच्या छातीचं माप त्यांनी असंच ओरडून सांगितलं. बाकावरचे लोक फिदीफिदी हसले. मुलगी कापड तिथेच टाकून गेली, ती परत आलीच नाही. मावशीच्या मनात ते घर करून बसलं होतं. आपल्या दुकानात कुणाचा असा पाणउतारा होणार नाही, असं तिने ठरवलं होतं.

फक्त एक गोष्ट तिने विचार न करता केली. लेकीचं मापही ती त्याच टेपने घ्यायची. लेक तेरा वर्षांची झाल्यापासून, दर चार-सहा महिन्यांनी. "कंबर एकोणतीस! आहे का कुणाची अशी?"

लेक कॉलेजात गेली आणि तिथल्या गाण्याच्या चमूत निवडली गेली. सगळ्यांना एकसारखे ड्रेस हवे होते. बाहेरची शिंपीण माप घ्यायला आली. "माझी कंबर एकोणतीस," लेकीने आधीच ऐटीत सांगितलं. बाईने टेप गुंडाळला. "साडेतीस. बाळा, मनातलं माप वेगळं आणि कंबरेचं वेगळं." मैत्रिणी खो खो हसल्या.

पंधरा दिवसांपूर्वी तर आईने एकोणतीस सांगितलं होतं! पंधरा दिवसांत दीड इंच? लेकीला दुसरं काही सुचलंच नाही. आईवर शंका येण्याचं कारणच नव्हतं, म्हणून तिने शरीरावर शंका घेतली. डबा भरलेला परत यायला लागला. रात्री "मैत्रिणीकडे खाल्लं", सकाळी "भूक नाही". महिन्याभराने तिचे कपडे सैल झालेले पाहून मावशीने पुन्हा माप घेतलं आणि हात वर करून म्हणाली, "साडेसत्तावीस! लेक माझी शेलाटी झाली गं!"

तालमीत एक दिवस लेकीला चक्कर आली. तिला आणायला गेलेल्या मावशीला शिंपिणीने घेतलेलं माप, मैत्रिणींचं हसणं, हे सगळं तिथेच कळलं. घरी येताना ती एक शब्द बोलली नाही. बोलायला हवं होतं.

कारण दोनच दिवसांनी लेकीने स्वतःसाठी टेप विकत आणला, आणि तो कापडाच्या टेबलावर आईच्या जुन्या टेपशेजारी पसरला.

"हे काय आहे, आई?"

"जुना झालाय गं तो. ओढला गेलाय."

"तुला माहीत होतं?"

मावशी जुना टेप गुंडाळायला लागली.

"गिऱ्हाइकांना फसवलंस ते समजू शकते. धंदा आहे. पण मला? मी उपाशी राहिले तेव्हा तू टाळ्या पिटल्यास!"

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"सगळं जग हसलं तरी चाललं असतं. मला वाटायचं, आई तरी खरं सांगते."

त्यानंतर लेकीने आईला अंगाला हात लावू दिला नाही. थंडीसाठी कोट हवा होता, तर तिने चिठ्ठी टेबलावर सरकवली. "माप मी घेतलंय. यावरच काप."

चिठ्ठीवर लिहिलं होतं: कंबर सत्तावीस.

मावशीची नजर बावीस वर्षांची. समोर उभ्या पोरीची कंबर एकोणतीसच्या खाली नाही, हे तिला टेपशिवाय दिसत होतं. सत्तावीसवर कापला, तर त्या कोटात मावण्यासाठी पोरगी पुन्हा उपाशी राहील. नजरेवर कापला, तर पुन्हा तीच फसवणूक. तिने उचललेला खडू परत खाली ठेवला.

"हे माप तुझं नाही," शेवटी ती म्हणाली.

"कशावरून? तुझ्या टेपवरून?"

"नको ठेवूस माझ्यावर विश्वास. तुझा टेप घे. आधी माझ्या कंबरेचं माप घे, आणि मोठ्याने वाच."

दुकानात एक नेहमीच्या बाई बसल्या होत्या. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने हात वर केले होते. स्वतःचं मापही ती आजवर जुन्या टेपनेच घेत आली होती.

"बेचाळीस," लेकीने वाचलं. आवाज जरा जास्तच मोठा होता.

"लिही."

खुर्चीतल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, मग माझं चौतीस?"

मावशीने एकदा लेकीकडे पाहिलं. "दीड इंच जास्त धरा, बाई. इतकी वर्षं कमी सांगत आले."

बाई उठल्या. शिवायला आणलेलं कापड पिशवीत भरलं आणि निघून गेल्या.

रिकाम्या खुर्चीकडे लेक पाहत राहिली. मग म्हणाली, "एवढ्याने मिटलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

लेकीने चिठ्ठी ओढली आणि सत्तावीसवर काट मारली. पुढे काहीच लिहिलं नाही. नवा टेप उचलून ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

मावशीने कोटाचं कापड घडी करून चिठ्ठीखाली ठेवलं. कात्रीला हात लावला नाही.