गाडीला हात न करणारा

कुडपणहून सकाळच्या एसटीने मी पोलादपूरच्या शाळेत शिकवायला जातो. वाटेत दुधाची किटली पायाशी ठेवून एक म्हातारा उभा असतो. तो गाडीला कधीच हात करत नाही. दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरतो. ओळखीचे ड्रायव्हर आपणच गाडी थांबवतात.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या शेतात एका शिकाऊ वैमानिक मुलीचं छोटं विमान उतरताना दगडी बांधावर आदळलं. मुलगी जागीच गेली. चौकशीला आलेले अधिकारी हिंदी बोलणारे, म्हणून दुभाष्या मी. त्यांनी चाकांच्या खुणा टेपने मोजल्या, मग म्हाताऱ्याला विचारलं, तुम्ही काय पाहिलंत?

"मीच हात केला, सायब. हितं बांध हाय, नको उतरू म्हणून. पोरीला वाटलं आसंल, ये म्हणतोय."

इंजिन बंद पडल्याचं तिने आधीच वायरलेसवर कळवलं होतं, तिला कुठेतरी उतरावं लागणारच होतं, असं अधिकारी म्हणाले. मी ते त्याला मराठीत दोनदा सांगितलं. त्याने मान हलवली आणि हात पाठीमागे घेतले.

परवा ड्रायव्हर नवा होता. मी ओरडेपर्यंत गाडी बरीच पुढे आली. मागच्या काचेतून पाहिलं, तर तो तसाच उभा होता, हात पाठीमागे धरून.