काकांचा डावा डोळा

बापूकाका समोरच्याशी बोलताना डावा डोळा मिटून घेत. नवख्याला वाटे, हा सभ्य म्हातारा डोळा का मारतोय?

कॉलेजसाठी मी तालुक्याच्या गावातून मुंबईत आलो, तेव्हा वडिलांच्या एवढ्याशा ओळखीवर काकांनी मला भोईवाड्याच्या चाळीतल्या आपल्या खोलीत ठेवून घेतलं. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी तिथेच झालो. पुढे काकांच्या डाव्या डोळ्याच्या आतला पडदा सुटला. ऑपरेशन झालं, नजर वाचली. पण त्या डोळ्याला सरळ रेघ नागमोडी दिसू लागली. "दाराच्या चौकटीला पोट सुटलंय बघ," ते म्हणत. दोन्ही डोळे उघडे ठेवले की दोघांचं पटायचं नाही, म्हणून डावा मिटायचा.

बाजारात कोळीण ओरडली, "काय ओ काका, ह्या वयात डोला मारताय?"

"अगं, तुझं पापलेट वळवळताना दिसतंय मला!"

"मग ताजंच हाय की! घ्या!"

मृणाल माझ्या ऑफिसातली. आमचं ठरलं होतं. पण तिच्या आईला चाळीत राहणारा, गावाकडचा जावई नको होता. वडील फोनवर काकांना म्हणाले, "मला तिथं बोलता यायचं नाही. तुम्हीच जा." काका इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर माटुंग्याला मृणालच्या घरी आले. मृणालची आई समोर बसली आणि काकांनी तिच्याकडे बघत अदबीने डोळा मिटला.

तिने कप खाली ठेवला. "हे काय चाललंय?"

"ऑपरेशन झालंय, बाई. उघडा ठेवला तर तुमचं तोंड वाकडं दिसतं."

मृणालनेच विचारलं, "आणि मी, काका?"

"तुझंही नाक वाकडं. पण ह्या मेल्याचं तर चांगल्या डोळ्यालाही वाकडंच दिसतं." मग आईकडे वळून म्हणाले, "ऑपरेशननंतर डोळ्याचा पडदा नीट बसावा म्हणून डॉक्टरांनी मला कित्येक दिवस पालथं पडून राहायला सांगितलं होतं. हा जमिनीवर बसून मला भरवायचा."

आईने काकांच्या कपाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "मृणाल, काकांचा चहा गार झाला. दुसरा टाक."

खाली आल्यावर काका जिन्याच्या पायरीवर बसलेच. "माझ्यामुळे मोडलं असतं, तर तुझ्या बापाला काय तोंड दाखवलं असतं रे?"

लग्नात व्याहीभेटीला वडिलांनी काकांनाच पुढे केलं. "पोरगं तुमच्या घरात माणूस झालं," म्हणाले.

काका आता नाहीत. कोणी गाव विचारलं, की मी आमच्या गावाचं नाव सांगतो, आणि त्याच्यामागून भोईवाड्याचं.