केळीला वारा लागू दिला नाही

"भाऊ, तुमचं मशीन केळी वाळवत नाही, शिजवतं," अक्का फोनवर म्हणाल्या. जामनेरजवळच्या त्यांच्या बचत गटाची पहिलीच सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आंबून गेली होती. आणि दुसऱ्या दिवशी मुंबईचा खरेदीदार माल बघायला येणार होता.

मी सोलर ड्रायर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिसला आहे. नुकताच दोंडाईच्याहून मिरचीचा ड्रायर दुरुस्त करून आलो होतो. अंग आंबलं होतं. साहेबांना कळवलं.

"फोटो काढ, रिपोर्टमध्ये कस्टमरची चूक लिही आणि ये," साहेब म्हणाले.

"न बघताच?"

"बघ ना. पण लिहायचं तेच."

पोचलो तेव्हा ऊन रणरणत होतं. अक्का आणि गटातल्या बायका ड्रायरजवळ झाडाच्या सावलीत बसल्या होत्या. घरचे पुरुष पहिल्यापासून म्हणत होते, चांगली केळी कशाला नासवता. माल गेला नाही तर बायका परत केळी कापणीच्या मजुरीला जाणार, हे अक्कांनी मला मी ट्रेनिंग द्यायला आलो त्या दिवशीच सांगितलं होतं.

आमचा ड्रायर म्हणजे प्लास्टिकच्या पारदर्शक पत्र्याची लांबट खोली. उन्हाने आतली हवा तापते, केळीतलं पाणी ओढून घेते आणि वरच्या झरोक्यातून बाहेर पडते. खालून कोरडी हवा आत येते. एवढंच. त्यात बिघडण्यासारखा एक पंखा, आणि तो व्यवस्थित चालू होता.

दार उघडलं तर आंबूस वास अंगावर आला. पत्र्याला आतून पाण्याचे थेंब लटकत होते. म्हणजे पाणी बाहेर पडतच नव्हतं. मागे जाऊन पाहिलं. वरखालचे सगळे झरोके गोणपाट कोंबून बंद, आणि फटी शेणमातीने लिंपलेल्या. इतकं सुबक लिंपण की रागवावं तरी कसं!

"अक्का, हे कोणी केलं?"

"आम्हीच. काबरं? केळीले वारा लागू द्यायचा नाही, हे काय तुम्हाले सांगावं लागते?"

मी डोक्याला हात लावला. त्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या केळी पिकवतात ती अशीच: बंद खोलीत, फटी लिंपून. वारा शिरला की घड नीट पिकत नाही. त्यांनी सुकेळीलाही तोच न्याय लावला होता, आणि जीव ओतून.

"अक्का, पिकवायला कोंडावं लागतं. वाळवायला पाणी बाहेर काढावं लागतं."

अक्कांनी विळा घेतला. स्वतःच ते लिंपण खरवडायला लागल्या. बाकीच्याही उठल्या. आंबलेला माल ढोरांपुढे गेला. नवीन केळी सोलून ट्रे भरले, पण एका दिवसात सुकेळी होत नाही.

दुसऱ्या दिवशी खरेदीदार आला. अर्धवट वाळलेला माल पुढे करावा असं एकीने सुचवलं. अक्कांनी तिला गप्प केलं आणि सरळ सांगितलं, "दादा, आमची चूक झाली. आज माल नाही. पुन्हा या."

तो बरं म्हणून गेला. पुन्हा आला, पण खूप उशिरा. माल आवडला त्याला. गट टिकला. मात्र तोवर गटातल्या दोघींच्या घरच्यांचा धीर सुटला होता आणि त्या परत मजुरीला गेल्या होत्या.

रिपोर्टमध्ये मी 'आमचं ट्रेनिंग अपुरं' असं लिहिलं. साहेब महिनाभर धड बोलले नाहीत. आता कुठेही ड्रायर लावला की मशीनबद्दल बोलण्याआधी मी विचारतो, तुम्ही हे आजवर कसं करता? त्यात अर्धा दिवस जातो. साहेबांना तो वाया गेलेला वाटतो.

मध्यंतरी त्याच रस्त्याने जात होतो. त्या दोघी डोक्यावर घड घेऊन बागेतून ट्रककडे चालल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. वाईट वाटलं. पण थांबून काय बोलणार होतो?