विचारूबाईला आठवलं ते

उर्वशीचं 'विचारूबाई' हे नाव मीच ठेवलं, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू? मारेगावकडच्या आमच्या गावात तिचं घर माझ्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. लग्न होऊन आली तेव्हा ही पोरगी एका दमात चार कामं काढायची आणि चारही अर्धी टाकून पाचव्याला लागायची. दूध उतू जायचं, शेळी सुटायची, रेशनकार्ड पिठाच्या डब्यात सापडायचं. सासू तुळसाबाई दिवसभर तोंड चालवायची, आणि चहाच्या निमित्तानं जाऊन मी त्यात फोडणी घालायचे.

नऊ वर्षांत उर्वशीचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. भिंतीवरून मला विचारायची, "काकू, मी भाजीत मीठ टाकलं काय वो?" मला काय ठाऊक? मी आपली थट्टेनं म्हणायचे, टाकलं, दोनदा टाकलं. बाई चाखूनही पाहायची नाही. अळणी भाजी तशीच वाढायची आणि शिव्या खायची. मी भिंतीआड हसायचे.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेलेली. उर्वशीचा नवरा प्रफुल्ल दोन दिवस उघड्या अंगानं, पाठीवर पंप घेऊन त्या पिकात फवारत होता. ड्रममध्ये औषध कालवून द्यायचं काम उर्वशीचं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बांधावर कोसळला. तोंडातून लाळ, डोळ्यांना दिसेना. आम्ही त्याला जीपमध्ये घातलं आणि यवतमाळ गाठलं.

पण निघण्याआधी तुळसाबाईनं एक शहाणपणा केला होता. त्या वर्षांत शेतकऱ्याच्या अंगात विष गेलं म्हटलं की लोक एकच विचारत, प्याला काय? आपल्या पोराला कोणी तसं म्हणू नये म्हणून तिनं औषधाच्या बाटल्या, पुडे, सगळं विहिरीत फेकलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पहिलं तेच मागितलं. बाटली कुठं आहे? फवारणीत काय काय मिसळलं होतं? ते कळलं नाही तर पुढचा उपाय अंदाजानं करावा लागेल, म्हणाली. दुकानदार फोन उचलेना. प्रफुल्ल बेशुद्ध. राहिली कोण, तर उर्वशी.

ती माझ्याकडे वळली. "काकू, काय होतं वो?"

"मले काय विचारून राह्यली? मी होती काय वावरात? तूच होती."

तुळसाबाई मधे पडली. "तिचं आयकू नका, डाक्टरीणबाई. तिले सकाळचं संध्याकाळी ध्यानात राह्यत नाई."

उर्वशीनं लगेच मान डोलावली. खरं आहे, मला काही आठवत नाही, म्हणत भिंतीला टेकून खाली बसली. आत प्रफुल्लच्या घशाची घरघर बाहेरपर्यंत ऐकू येत होती. डॉक्टरीणबाई तिच्यासमोर उकिडवी बसली. नाव राहू दे, हातांनी काय काय केलंस तेवढं सांग, म्हणाली.

उर्वशीनं डोळे मिटले. हात झाकण फिरवल्यासारखे हलायला लागले. लाल झाकणाची बाटली. पाण्यात पडताच दुधासारखं पांढरं. मग भुकटी, पुड्यावर अळीचं चित्र. खिडकीत त्या आठवड्यातल्या इतर पेशंटांनी आणलेल्या फवारणीच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं ठेवल्या होत्या. तिनं उठून त्यातली एक उचलली. मग थबकली. पुढचं ती बोलली नसती तर कोणाला कधी कळलं नसतं.

"तिसऱ्या ड्रमात टाकलं का नाई, मले समजत नोतं. म्हणून अजून एकदा टाकलं. दोनदा गेलं. ते मीच केलं."

तुळसाबाईनं तिच्या थोबाडीत मारली. उर्वशीनं गालाला हातही लावला नाही.

"बाटली हेच होती, डाक्टरीणबाई. मले पक्कं मालूम हाय."

डॉक्टरीणबाई बाटली घेऊन आत पळाली. दोन दिवस उघड्या अंगानं फवारल्यावर जास्तीच्या एका झाकणभर औषधाला काय दोष द्यायचा, हे तिनं नंतर समजावलं. तुळसाबाईला ते पटलं नाही. तिनं सुनेच्या हातचं पाणी बंद केलं.

तिसऱ्या दिवशी वॉर्डात समुपदेशन करणारी एक मुलगी आली. तिनं उर्वशीला शाळेपासूनचं सगळं विचारलं. हे एडीएचडीसारखं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्यासारखं, दिसतं, तपासून घ्यायला हवं, मेंदूची ठेवणच तशी असते, म्हणाली. बायकांना मात्र वेंधळी म्हणून लोक मोकळे होतात. तुळसाबाई म्हणाली, आता वेंधळेपणालेही दवाखान्यात नाव भेटते. माझ्याही जिभेवर काहीतरी आलं होतं. उर्वशी माझ्याकडे पाहत होती. मी ते गिळलं.

पाचव्या दिवशीही प्रफुल्लनं डोळे उघडले नव्हते. घशात नळी, छाती मशीन हलवेल तशी हलायची. तुळसाबाईनं सुनेला सांगितलं, तू घरी जा, शेळ्या उपाशी आहेत, इथं तुझं काय काम? जीप फाटकाशी उभी होती. मी उर्वशीची पिशवी उचलली. ती माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

"मी नाई जात, आत्याबाई. डाक्टरीणबाईनं अजून काई विचारलं, तर तुमाले सांगता येईन काय?"

मी पिशवी परत उर्वशीच्या पायाशी ठेवली, शेळ्यांचं मी पाहते म्हटलं, आणि जीपमध्ये जाऊन बसले.